तिसरा रांजण

बाबांचा फोन रविवारी दुपारी तीनला येतो,
सिन्योरा झोपलेली असते तेव्हा.
आधी काखेतीची हवा सांगतात, मग द्राक्षं,
मग शेजारच्या वाझाचा गुडघा.
आज म्हणाले, कागद-पेन घेऊन बस.

बारीतल्या या परक्या स्वयंपाकघरात
मी फ्रिजवरची औषधांची यादी काढली,
ती उलटी केली.

लिही, म्हणाले.
कोठारात तीन रांजण पुरलेत, गळ्यापर्यंत जमिनीत.
पहिला घरचा, दुसरा विकायचा,
तिसरा माझा.
तोंड मातीनं लिंपलंय, वर जात्याचा दगड.
माणसं धरलीत दोनशे दहा.
आधी तीनशे होती,
पण बरेच जण माझ्यापुढे निघून गेले,
त्यांच्या वाटणीची वाइन वाचली.

मांसाचे पैसे गुराम खाटकाला आगाऊ दिलेत,
पावती पिठाच्या डब्यात.
ताटं शाळेतून आणायची, फुटतील ती भरून द्यायची.
बँकेची एक लारीसुद्धा घ्यायची नाही.
नोदारच्या पोरांनी कर्ज काढून बापाचं जेवण घातलं,
गावानं वाहवा केली,
मग गाय विकली, मग दुसरी.
बाकीचे एकदा जेवून उठले गं,
नोदार अजून जेवतोच आहे त्यांच्या घरात.

तेलावीला जाऊन नोटरीकडे सह्या केल्या.
मळा बादरीचा. घर दोघांचं, अर्धं-अर्धं.
बादरी तोंड पाडून बसला होता,
त्याला म्हटलं, भांडायचं तर आत्ता भांड,
मला ऐकू येतंय तोवर.
त्यानं सही केली. येताना गाडीत बोलला नाही.
घरी आल्यावर मात्र माझे बूट काढून दिले.

मी लिहीत होते.
आतून सिन्योरा खोकली, पुन्हा गप्प झाली.
नऊ वर्षं मी तिचं अंग पुसते.
तिची लेक मिलानहून नाताळात येते,
कोट न काढता विचारते, खाते ना नीट?

आता शेवटचं, बाबा म्हणाले,
आणि बराच वेळ फोनमध्ये नुसता कुत्रा भुंकत होता.

तू येऊ नकोस.
तुझ्याकडे कागद नाहीत. एकदा निघालीस
की परत तिकडे जाता येणार नाही,
आणि सांद्रोची अजून दोन वर्षं राहिलीत कॉलेजची.
गाव बोलेल. बोलणारच.
म्हणून वहीत लिहून ठेवलंय, खाली सही आहे,
बादरी जेवणाआधी सगळ्यांना वाचून दाखवेल:
मझिया आली नाही,
कारण मी तिला येऊ नको म्हटलं.

एवढं मात्र मी लिहिलं नाही.
पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
तिसऱ्यातली वाइन किती वर्षांची, बाबा?

हसले. अगं, मागच्याच सुगीची.
वर्षावर तिचा भरवसा नाही धरवत.
दर सुगीला उघडावीच लागते.
वाझा येतो पाय ओढत,
गुराम येतो, कुरकुरतो,
यंदाही मेला नाहीस, तुझे पैसे मी सांभाळू किती?
पहाटेपर्यंत बसून आम्ही माझं मरण पितो.
गेल्या खेपेला जरा आंबट होतं.
मग बादरीला आत उतरवतो, चेरीच्या सालीचा ब्रश घेऊन,
मी काठावरून ओरडतो, कोपरे राहिले!
तो आतून ओरडतो, रांजणाला कोपरे नसतात!
आणि पुन्हा नवी द्राक्षं.

यंदा कशी आहेत द्राक्षं?
बरी आहेत. पाऊस लांबला नाही तर बरी आहेत.

फोन ठेवला.
यादी पुन्हा फ्रिजवर लावली, औषधांची बाजू वर.
सिन्योरा जागी झाली होती,
लेकीच्या नावानं हाक मारत होती.
मी ओ दिली.
चारची गोळी द्यायची होती.