नमुना

एका हिवाळ्यात गुलाब महालेनं
आठशेत चार सेकंद कमी केले.
मी त्याचा पेसर. पाचशेपर्यंत पुढे,
मग बाहेरच्या लेनमध्ये, हात गुडघ्यांवर.
तिथून त्याची नुसती पाठ दिसते.
पूर्वी शर्यत संपली की तो ओकायचा.
आता चहा मागतो.

हिरावाडीच्या पायऱ्यांवर कुणीतरी म्हणतं,
‘घरचं दूध असेल,’
आणि सगळे बुटांच्या नाड्या सोडायला लागतात.

संक्रांतीला पिंपळगावात, मामांच्या बागेत होतो.
बायकांनी एकेक घड जीएत बुडवलेला,
मणी कसे लांब, टंच.
त्याला आम्ही औषधच म्हणतो, उघड.
माल बाहेर जाण्याआधी लॅबचा माणूस येतो,
नमुना सीलबंद करतो.
रिपोर्ट येईस्तोवर मामा नीट जेवत नाहीत.

परवा पहाटे साडेपाचला दोघं आले.
दार मीच उघडलं.
गुलाब दात घासत होता.
फेस पुसला, माझ्याकडे पाहिलं
जरा जास्त वेळ,
आणि बाटली घेऊन आत गेला. त्यांच्यातला एक मागोमाग.

काल काळारामापुढे हात जोडले,
काय मागावं तेच सुचेना.

रिपोर्टला तीन आठवडे लागतात म्हणे.
तोवर रोज पाचशे मीटर
मी पुढे.