जिन्याखालचं यंत्र

बातम्या अर्ध्यावर गेल्या.
दाणाओळीत, जिन्याखाली
गजाभाऊ फणसळकरांनी लाकडी पेटी उघडली.

"इकडून आत जाते ती नाकासमोर चालणारी.
तिकडून निघते तीच,
पण येरझारा घालत."
मधे एकच दांडा.
फिरायचा थांबलेला.

कार्बनचे ब्रश नखाएवढे उरलेले,
त्यांची काळी पूड
भाऊंच्या नखांत.

वरून काकू : लागला का रेडिओ?

गल्लीतून कुणी डोकावलं,
"क्या हुआ, भाऊसाब?"
"कुछ नहीं, ब्रश घिस गए,"
आणि त्याच श्वासात, माझ्याकडे न बघता,
"फडकं दे रे."

मग तांब्याच्या पट्ट्या पुसत राहिले,
पलीकडच्या दोन कड्या पुसल्या,
बराच वेळ कुठल्याच भाषेत काही नाही.

बेअरिंग अजून तापलेलं होतं.
बोट लागलं तेव्हा
"आई गं."