बाणातला ण

बारा वर्षं पहिलीला शिकवते आहे.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा,
आणि ण आला की घसा खाकरून म्हणते, ण बाणाचा.
दरवर्षी एखादं पोरगं बोट वर करतंच:
बाई, बाण तर ब ने सुरू होतो ना?
मी म्हणते, पुढे चला. त तलवारीचा.

आणि आता गुरुजींनी पंचांग मिटलं, चष्मा पुसला.
हस्त नक्षत्र. पू, ष, ण, ठ. चरण तिसरं.
बोटावर पुन्हा मोजलं त्यांनी.
मग म्हणाले, न घ्या. चालतं. सगळे तेच करतात.

चालतं, ते दिसतंच आहे.
आमच्या गल्लीत तीन आरव चालतात, दोन विहान,
आणि समोर बडगुजरांकडे
परवाच चालू झालेला एक अद्विक.
संध्याकाळी एकीने हाक मारली
की तीन सायकली वळतात.

ह्यांनी मोबाइलवर शोधलं: ण वरून मुलांची नावं.
मोबाइलने विचारलं,
तुम्हाला न म्हणायचं होतं का?

जिभाऊंना तर हा घोळच कळेना.
बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर.
अमयनेर, धरनगाव, येरंडोल, जयगाव,
दोरी ओढली की गाडी सुटायची.
पाण्याचं पानी, लोण्याचं लोनी,
ण नावाचा थांबाच नव्हता त्यांच्या मार्गावर.
"कोनतं अक्षर म्हनतस तू? न ना?
मंग तो नच शे ना, बेटा!"

बारावा दिवस गेला. बारसं लांबलं.
रात्री पाजता पाजता मी अक्षर चघळत बसायची,
दाणा, कणी, फणी, वेणी.
अंगणात आहे हा, जेवणात आहे,
नणंदेने तर पोटाशी धरलाय.
मग दारात का नाही कुणी उभा केला याला?
पोरगं दूध ओढत होतं, डोळे मिटून,
त्याला बिनानावाचं काही अडत नव्हतं.

सव्वा महिन्याने पहिल्यांदा बाहेर पडले,
घेवरचंदकाकांकडे, डिंक आणि खारीक आणायला.
काका उधारीच्या वहीवर हात ठेवून माळ ओढत होते.
ओठ हलत होते. ऐकू आला तो फक्त पहिला शब्द,
णमो.

काका, न ना?
नाही बेटा, ण.
आमच्या जुन्या बोलीत तो पुढेच असतो.
नदीला णई म्हणत. डोळ्याला णयण.
थोडं थांबले. स्नेहाला णेह.
आणि तराजूत खारका टाकल्या,
काटा बरोबर आल्यावर वर आणखी दोन.

चोपड्याहून नणंदबाई आल्या कुर्र करायला.
तीनदा विचारून घेतलं, पुन्हा सांग गं.
जीभ टाळूकडे वळवून स्वयंपाकघरात सराव केला,
घुगऱ्या निवडणाऱ्या बायका हसून लोटपोट.
पाळण्याशी वाकल्या तेव्हा मात्र
काय म्हणाल्या ते त्या दोघांनाच ठाऊक.

नगरपालिकेतला बाबू म्हणाला, ताई, हे चुकलंय.
मी म्हटलं, नाही.
तो म्हणाला, शाळेत त्रास होईल पोराला.
मी म्हटलं, शाळेत मीच असते.
बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले,
हजेरीत ढ च्या शेजारी बसणार आपला!
हसले, पण दाखल्याची घडी
चारदा उलगडून पाहिली.

जिभाऊ सकाळच्या उन्हात त्याला मांडीवर घेतात.
नेह, ओ नेह, देख, चिडी देख.
तो वळून बघतो.
मी आतून णेह म्हणते,
तेव्हाही तेवढाच वळतो.

जूनमध्ये पुन्हा तक्त्यासमोर उभी राहीन.
बाणाचं चित्र आहे तिथं, जुनं, कडेला फाटलेलं.
राहू दे.
कुणीतरी बोट वर करेल.
काय सांगायचं,
ते अजून ठरवलेलं नाही.