बोहनी

ड्यूझबरीच्या बाजारपेठेत, उतारावर,
आमचं दुकान तसं कधी मोठं नव्हतंच.
डावीकडे चपलांचं दुकान होतं, ते गेलं.
उजवीकडे बँक होती, तीसुद्धा गेली;
तिथे आता एक माणूस सात स्वादांची वाफ विकतो.
मधे आम्ही,
किडक्या दातांच्या रांगेत
एक भरलेला दात.

मांडणीवरचे सगळे डबे रिकामे असायचे,
हे फक्त आम्हाला आणि चोरांना माहीत.
गेमच्या तबकड्या काउंटरमागच्या खणात,
कागदी पाकिटांत, नंबर घालून.
क्लाइव्ह ॲकरॉइड जुनी तबकडी घेताना
ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचा,
जवाहिऱ्यासारखा एक डोळा मिटून.
तोंडाची वाफ सोडायचा, स्वेटरच्या बाहीने पुसायचा
आणि समोरच्या पोराला सांगायचा,
"चार पौंड. ओरखडा नसता तर सहा."
पोरगं म्हणायचं, ओरखडा आधीचाच आहे.
सगळे ओरखडे आधीचेच असतात.

मी शनिवारपुरती लागले होते.
एकवीस वर्षं झाली त्या शनिवाराला.

नवा गेम यायचा तेव्हा मध्यरात्री दुकान उघडायचं,
रांग पार चर्चच्या फाटकापर्यंत,
कुणी झोपायच्या पिशवीत, कुणी बापाच्या कोटात,
आणि थ्रेपलटन बाई घरून टोमॅटो सूप घेऊन,
कपाला पन्नास पेन्स.
तिचा धंदा आमच्याआधी बसला.

मग डब्यांत तबकडीच येईना.
आत एक कागद, कागदावर पंचवीस अक्षरं,
ती घरी जाऊन यंत्राला सांगायची.
क्लाइव्हने असा पहिला डबा कानाशी नेऊन हलवला,
नारळ हलवून बघतात तसा.
काही वाजलं नाही.
"मग माणूस विकत काय घेतो?"
मी म्हटलं, परवानगी.
"आणि खेळून झाल्यावर आपल्याला काय विकेल?"
मी फडकं घेऊन काच पुसायला लागले.

शेवटचा दिवस मंगळवार होता.
सगळं सत्तर टक्क्यांनी कमी, मांडणीसुद्धा विकायला.
दुपारी दोनपर्यंत बोहनी नाही.
दोन वाजता झुबैर आला,
कुरिअरचं नारिंगी जाकीट, बाहेर व्हॅन
पिवळ्या रेघेवर, दिवे मिचकावत.
मला वाटलं पार्सल आलं.

हा तोच, शाळा सुटल्यावर यायचा तो.
दाराशी नमुन्याचं यंत्र होतं, वर टीव्ही,
कंट्रोलर पोलादी तारेने भिंतीला बांधलेला.
वर पाटी: एकाला दहा मिनिटं.
खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती,
त्यामुळे तो रोज पहिल्यापासून सुरू करायचा,
टाचा उचलून, मान वर करून, तोच पूल, तीच घुबडं,
आणि पूल ओलांडला की दहा मिनिटं संपायची.
फक्त बाहेर पाऊस असला
की क्लाइव्हला पाटी वाचता येत नसे.

"पुलापलीकडे काय होतं?" क्लाइव्हने विचारलं.
"कधी बघितलंच नाही," झुबैर म्हणाला,
"पुढे घरी घेतला, पण तेव्हा
तो पूलच वगळता यायचा."
मग त्याने कंट्रोलरकडे बोट दाखवलं. कितीला?

क्लाइव्हने तो ट्यूबलाइटखाली नेला, तार पुरेल तितका.
एक डोळा मिटला.
"चार पौंड. ओरखडे नसते तर सहा."
"ओरखडे माझेच आहेत."
असं कबूल करणारा हा पहिलाच.

कुलपाची किल्ली सापडेना.
खणातल्या बावीस किल्ल्या लावून झाल्या.
शेवटी झुबैरने व्हॅनमधून पक्कड आणली,
भिंतीच्या बाजूने तार तोडली,
आणि उरलेली दीड मीटर शेपूट
हाताला गुंडाळून उभा राहिला.

मी गल्ला उघडला.
पावती खरखरत बाहेर आली,
खाली नेहमीचा मजकूर:
न आवडल्यास अठ्ठावीस दिवसांत
याच दुकानात परत आणावे.
क्लाइव्हने ती वाचली,
चष्मा पुसून पुन्हा वाचली,
आणि खाली सही केली.