दोनशे दहा किलो

नवी नाव गाडीच्या टपावर उताणी पडून आली.
कुओपिओच्या दुकानापासून आमच्या तळ्यापर्यंत
सगळा रस्ता दोर गुणगुणत होते.
पिवळी. सॉसेजवर पिळतात त्या मोहरीसारखी पिवळी.
आत तीन जागा, दोन वल्ही
आणि कडेला चिकटवलेला कागद:
कमाल वजन दोनशे दहा किलो.

तानेली असले कागद मनापासून वाचतो.
न्हाणीघरातला वजनकाटा त्याने धक्क्यावर आणून ठेवला
आणि आम्हाला रांगेत उभं केलं.
तो अठ्ठ्याऐंशी.
मी पासष्ट म्हणाले, काटा म्हणाला सदुसष्ट.
पिह्ला म्हणाली, चौदा वर्षांच्या मुलीला
असं उघड्यावर तोलत नाहीत,
मग डोळे मिटून चढली,
आकडा कुणी उच्चारायचा नाही अशी शपथ घालून.
तो मी इथेही लिहीत नाही.
ओइवा चोवीस, खिशातल्या खड्यांसकट.
खडे काढायला तो तयार नव्हता.

बेरीज जास्त भरली.
ओइवाने उपाय काढला: सगळ्यांनी श्वास घ्यायचा नाही.
तानेलीने पुन्हा बेरीज केली.
तर, एक जण कायम काठावर.

नावेला नाव ठेवायच्या आधीच
शेजारच्या केर्त्तूबाई येऊन नावं ठेवून गेल्या.
प्लॅस्टिक! लाकूड पाण्याशी बोलतं, हे मुकं.
डांबर प्यायलेली त्यांची होडी
चाळीस उन्हाळे बोलते आहे, आम्ही ऐकलं आहे.
वल्हं हातात घेऊन त्यांनी तोललं,
"हलकं आहे," म्हणाल्या, जणू तोही गुन्हाच,
आणि संध्याकाळी पायरीवर
ब्लूबेरीचा केक ठेवून गेल्या, अजून कोमट.

पहिल्या फेरीत आम्ही कुठेच गेलो नाही.
तानेली मागे, मी पुढे, ओइवा मध्ये, मालकासारखा.
तो डावीकडे म्हणाला की मी त्याची डावी की माझी
एवढा विचार करेपर्यंत
नाव शेपूट पकडणाऱ्या कुत्र्यासारखी गोल.
काठावर पिह्ला पोट धरून हसत होती,
गेल्या सप्टेंबरपासून अशी हसली नव्हती.
वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी
बाहीतून शिरून कोपराशी थांबलं,
जूनचं पाणी, बर्फाची आठवण न विसरलेलं.
तरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.
कधीतरी दोन्ही वल्ही एकदम बुडाली
आणि आम्ही सरळ गेलो, वेताच्या बेटापर्यंत,
कमळाच्या पानांचा तळाला सरसर स्पर्श.
कुणी बोललं नाही. बोललो असतो
तर पुन्हा डावी-उजवी झाली असती.

रात्री दहाला काठावर राहायची पाळी माझी.
सूर्य ऐनांच्या झाडांवर रेंगाळलेला,
घरी जायचं नाही म्हणणाऱ्या मुलासारखा.
डास मात्र वेळेवर आलेले.
धक्क्यावर मी, थर्मासमधली उरलेली कॉफी
आणि आत न्यायचा राहिलेला काटा.
एक चतुर येऊन त्यावर बसला.
सुई शून्यावरून हलली नाही.

इतकी वर्षं मी या तिघांना
नेहमी फार जवळून पाहिलेलं:
न विंचरलेले केस, कुणाचा ताप, कुणाचा मोजा.
आता ते अंगठ्याच्या नखाएवढे,
पिवळ्या शेंगेत तीन दाणे.

पाणी सपाट असलं की लांबचं बोलणंही कानाशी येतं.
त्यांना ते माहीत नव्हतं.
"तू मला मुद्दाम भिजवलंस."
"बाबा, डावी म्हणजे कुठली डावी?"
मग वल्ही थांबली.
पिह्ला म्हणाली, हळूच,
"इथून आई किती छोटी दिसते."
आणि ओइवा, खिशात अजून खडे असलेला ओइवा,
"मग आता मावेल की ती!"

मी हात केला.
पिवळा ठिपका माझ्याकडे वळू लागला.
वळायला त्यांना बराच वेळ लागला.