तिसरा बाक

एलीया भिंगारदिवे खाकरतात.
एकदा नाही, तीनदा.
शरणपूरच्या डिसेंबरात, सकाळी साडेआठला
जुन्या स्कूटरला किक मारावी तसे.
एक. दोन.
तिसरीला गाडी सुरू होतेय असं वाटतं,
तोवर बंद.
पाळकसाहेब 'आपण प्रार्थना करू' म्हणाले की हमखास.
डोळे मिटल्यावर कान
इतके उघडे का राहतात, देवा?

गाणंही त्यांचं अर्धी ओळ मागे.
आम्ही सगळे आमेनला पोचून बसतो,
वह्या मिटतात, पदर सावरून होतात,
आणि मग यांचं आमेन येतं
नाशिकरोडची शेवटची बस यावी तसं,
रिकामं, पण सगळे दिवे लावून.

मी उपाय केले.
बाक बदलला.
पुढच्या रविवारी तेही मागोमाग,
'इथं वारा चांगला लागतो, नाही का सुवार्ताबाई?'
त्यांच्यासाठी प्रार्थना केली.
खरं सांगते, त्यांच्यासाठी नव्हतीच ती,
त्यांच्या घशाविरुद्ध होती.
शेवटी मेनरोडवरून ज्येष्ठमधाच्या गोळ्या आणल्या,
एक पुढे केली, हसले, दातांपुरती.
केवढी मी प्रेमळ!
ती एक गोळी त्यांनी सबंध उपदेशभर सोडवली.
कागद कुरकुरत होता
आणि पाळकसाहेब सहनशीलतेवर बोलत होते.

नाताळची उपासना शमुवेलने फोनवर टिपली
श्रीरामपूरच्या माझ्या बहिणीसाठी,
तिला आता अंथरुणावरून उठवत नाही.
रात्री भांडी आवरल्यावर
आधी मीच ऐकली.
घंटा. खुर्च्या सरकल्या. कुणाचं तरी तान्हं.
मग भिंगारदिवे, पण किती लांब, किती बारीक,
शेजारच्या घरात कुणी उठून पाणी प्यावं तेवढेच.
आणि लगेच, अगदी कानाशी,
च्च.
मागे नेलं. पुन्हा लावलं.
खाकरणं. च्च.
खाकरणं. च्च.
ते उशिराचं आमेन. च्च.
भिंतीवर पाल चुकचुकावी तशी
कुणी बाई, पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत.
कोण ही, म्हणायला तोंड उघडलं
आणि जीभ टाळूवरून सुटली
त्याच आवाजात.

नऊ वर्षं बसतायत ते शेजारी.
हयात प्रेसमध्ये गेली, नोटा मोजण्यात,
एक कमी भरली तर घरी न जाणारा माणूस.
हे मात्र त्यांनी मोजलेलं दिसत नाही.
उलट बाक बदलला तर मागोमाग आले.

रेकॉर्डिंग पाठवायचं की नाही, दोन दिवस घोळ.
पाठवलं.
बहिणीचा फोन आला, 'गाणी नीट नाही गं लागली,
पण तू बसलेली दिसलीस मला.
तुझ्या त्या चुकचुकण्यावरून.
अण्णा पेपर वाचायला बसले की करायचीस, तस्संच.'
आणि ती इतकी हसली
की तिला धाप लागली.

पुढचा रविवार.
'आपण प्रार्थना करू.'
एक. दोन.
जीभ गेलीच वर, टाळूला टेकली.
तिथंच धरून ठेवली मी तिला,
घरात कुणी झोपलेलं असताना
दार वाजू नये म्हणून
कडी हातात धरून उभं राहावं तशी.
तिसरी किक.
छान वगैरे काही वाटलं नाही.
चीड होती तिथंच, ऊन ऊन.
फक्त वाजली नाही.

मग पिशवीतून गोळी काढली,
कागद या वेळी मीच सोडवला, अगदी हळू,
तरी तो कुरकुरलाच.

दुसऱ्या बाकावरून कुणीतरी
मान वळवून पाहिलं.