एक मिलिमीटर आटा

कपाटाच्या दुरुस्तीतून उरलेल्या प्लायच्या दोन फळ्या,
पितळी बिजागरी, चाळीस रुपये,
आणि खालून वर येणारा सहाचा बोल्ट,
एक मिलिमीटर आटा.
बिजागरीपासून बोल्टपर्यंत दोनशे साडेअठ्ठावीस.
मिनिटाला एक फेरा दिला
की वरची फळी आभाळाच्या चालीने उघडते.
चौतीस वर्षं लेथवर आटे पाडले मी,
पृथ्वीलाही आटा असतो
हे निवृत्तीनंतर कळलं.

कॅमेरा जुना, दुसऱ्यांच्या लग्नांत झिजलेला.
साडेसहा हजार. घरी चार सांगितले.

कन्नमवार नगर, चार मजले, वर गच्ची.
चावी देताना सेक्रेटरी मोकलबाई म्हणाल्या,
कोणाच्या खिडकीत तर नाही ना बघणार?
म्हटलं, खिडक्या फार जवळ असतात,
त्या माझ्या भिंगात मावत नाहीत.

उत्तरेला ध्रुव असायचा,
क्षितिजापासून दोन मुठी वर.
आता तिथे टॉवर चढतोय, टॉवरवर क्रेन,
क्रेनच्या टोकाला लाल दिवा.
काम बंद असलं की तोही हलत नाही.
मी बिजागरी अंदाजाने
चोविसाव्या मजल्याकडे रोखतो.
तिथेच कुठेतरी, काँक्रीटच्या पलीकडे, आस आहे.

मोझेस पेणकर असता तर ओरडला असता.
अंदाजाने? टर्नर ना तू?
धूमकेतू येणार म्हणून त्या वर्षी
कँटीनमागच्या शेडमध्ये आम्ही सहा इंची आरसा घासला.
कार्बोरंडम, पाणी, रिकाम्या पिंपाभोवती फेऱ्या,
एकाने घासायचं, दुसऱ्याने मोजायचं.
धूमकेतू आला, गेला,
आरसा अजून पॉलिशलाच होता.
पाच वर्षांनी मोझेस अश्दोदला गेला,
आई, वडील, दोन ट्रंका.
आरसा माळ्यावर, बनियनमध्ये गुंडाळलेला.
परवा सोडला. मुलामा उडालाय,
कडेला झुरळाची अंडी.
नव्या मुलाम्याचा भाव विचारला
आणि परत गुंडाळला.

मार्गशीर्ष लागला. नखाएवढा चंद्र
आठच्या आत मावळला.
खाडीच्या अंगाने मृग वर येतो, आडवा,
ऐरोलीच्या उजेडातून एकेक पाय सोडवत.
पोटातला बाण दिसतो, रोहिणी दिसते,
बाकी आभाळ दूध जास्त झालेल्या चहासारखं.

वीस सेकंद. थांब. वीस सेकंद.
बोल्टला बाटलीचं झाकण चिकटवलंय,
ते सेकंदकाट्याबरोबर फिरवायचं, श्वास सांभाळून.
खाली कोणी बुलेट सुरू केली
की कृत्तिकासुद्धा थरथरतात.
दोनशे चौदा फोटो.
साठ डासांनी खाल्ले.

शेजारच्या रुजुताने लॅपटॉपवर
ते एकावर एक रचले.
काका, म्हणाली, दर फोटोत बदलतं ते पुसलं जातं,
तिथेच असतं ते साठत जातं.
मी काही बोललो नाही.
लॅपटॉपचा पंखा घरघरत होता.

बाणाच्या बाजूला एक डाग उमटला.
राखाडी, कडेला जरा गुलाबी,
खपली निघाल्यावर कातडी दिसते तसा.
हिने चष्मा लावला. म्हणाली, बोट लागलंय काचेला.
पदराने पुसलं. डाग तिथेच.
मग म्हणाली, चार हजारांत बरं आलंय,
आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मोझेसला पाठवला.
तिकडे साडेतीन तास मागे, जेवत असेल.
लगेच उत्तर: फोकस चुकलाय.
कोपऱ्यातले तारे बघ, अंडी झालीत.
थोड्या वेळाने: आरसा आहे का अजून?

बनियनसुद्धा तेच आहे, लिहिलं.
खोडलं.
विचारलं, तुझा ध्रुव किती वर?

तीन मुठी, म्हणाला. समोर काहीच नाही.
हवा तर घेऊन जा.